औषध मारण्याआधी पान उलटून पाहा

पिकावर फवारायच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. 'औषध मारले का?' हा प्रश्न वाळव्यापासून फलटणपर्यंत कोणत्याही बांधावर रोज ऐकू येतो. शब्द सोयीचा आहे, पण त्याने आपली एक समजूत पक्की करून टाकली आहे. पीक म्हणजे रोगी, कीड म्हणजे रोग आणि डब्यातले द्रव म्हणजे उपाय. खऱ्या औषधाच्या बाबतीत मात्र आपण इतके निष्काळजी नसतो. डॉक्टर आधी तपासतात, गरज असेल तरच गोळी देतात आणि अँटिबायोटिक दिले तर पोट बिघडू शकते हेही सांगतात. कारण ते घातक जंतूंबरोबर आतड्यातल्या उपयोगी जंतूंनाही मारते. शेतात फवारणी करताना हा दुसरा विचार क्वचितच होतो. त्या फडात किडीखेरीज आणखी कोण राहते, ते काय खाते, ते मेले तर पुढे काय होईल, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी पुरावा शोधायला सातारा-सांगलीकरांना लांब जायला नको. २००२ साली आपल्याच उसात तो धडा मिळाला होता. आपण तो गिरवला, त्याचा फायदा घेतला आणि मग बराचसा विसरून गेलो.

'परिसंस्था' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे कासचे पठार येते, कोयना-चांदोलीचे जंगल येते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत ही तिन्ही ठिकाणे आहेत. त्यांचा अभिमान रास्तच आहे. कासच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ आणि त्यात नत्र इतके कमी, की दवबिंदूसारख्या वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. हे बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात. पण कोण कोणाला खातो आणि कोण कोणाच्या आधाराने जगतो, हा व्यवहार पठारावर सुरू होऊन घाटाच्या पायथ्याशी संपत नाही. कृष्णा, कोयना, वारणेच्या काठाने मैलोन्मैल पसरलेला ऊस हीसुद्धा एक भरलेली वस्ती आहे. तिच्यात मावा आहे, खोडकीड आहे, हुमणी आहे. त्यांना खाणाऱ्या अळ्या, भुंगे, कोळी आहेत. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या, पण डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या चिमुकल्या माश्या आहेत. उंदीर, साप, घुबडे आहेत आणि बिबटेही आहेत. उसातला बिबट्या बातमी होतो, उसातली अळी होत नाही. आपल्या खिशाशी आणि आरोग्याशी मात्र अळीचा संबंध अधिक जवळचा आहे.

लोकरी मावा आला तेव्हा

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांच्या मागच्या बाजूला पांढरा कापूस चिकटवल्यासारखा दिसू लागला. हा लोकरी मावा. आग्नेय आशियात तो शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत होता, ईशान्य भारतातही होता. महाराष्ट्रात मात्र त्याची नोंद पहिल्यांदा झाली ती इथे. वर्षभरात तो पश्चिम महाराष्ट्राच्या आणि उत्तर कर्नाटकच्या ऊसपट्ट्यात पसरला. तेव्हा शेती करणाऱ्या कोणालाही त्या दिवसांची आठवण करून द्यावी लागत नाही.

या माव्याचे काम तीन पायऱ्यांत चालते. तो पानातला रस शोषतो. रसातली जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो आणि ती खालच्या पानांवर पडते. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. हिरवा फड काजळी धरल्यासारखा दिसू लागतो, पानांना ऊन मिळत नाही, वाढ खुंटते. टनेज घटते आणि साखर उताराही.

तो इतक्या झपाट्याने का वाढला? एक कारण त्याच्या स्वभावात आहे. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्ले देतात. पंख फुटलेले मावे वाऱ्याबरोबर पुढच्या फडात जातात. दुसरे कारण आपण तयार केले होते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असा ऊस वर्षाचे बारा महिने शिवारात उभा असतो, एका गावाचा ऊस दुसऱ्या गावाच्या उसाला भिडलेला असतो. माव्याच्या दृष्टीने हे न संपणारे ताट. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. नव्या मुलखात आलेल्या या किडीला खाणारे जीव सुरुवातीला पुरेशा संख्येने नव्हते. पाहुणा आला आणि त्याला आवरणारे कोणी घरात नव्हते, अशी ती अवस्था होती.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच फवारणीची होती. ती साहजिक होती. डोळ्यांदेखत पीक काळे पडताना हात बांधून कोण बसेल? पण ऊस हे पीक फवारणीला साथ देत नाही. सात-आठ महिन्यांचा ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो, सरीतून चालणे अवघड, पाते अंगाला कापते. मावा पानाच्या मागे लपलेला आणि अंगावर मेणाच्या तंतूंचे कांबळे पांघरलेला. फवारा वरून पडतो आणि खाली ओघळतो. शेजारच्या फडात मावा राहिलाच, तर काही दिवसांत पुन्हा येतो.

त्याच फडांत मग आणखी कोणीतरी दिसू लागले. पांढऱ्या कापसात बारीक रेशमी जाळे विणून त्याखाली बसलेली, मावा फस्त करणारी एक अळी. ही डिफा नावाच्या छोट्या पतंगाची अळी. आपल्या आयुष्यात ती शेकडो मावे खाते. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा तपकिरी, जाळीदार पंखांचा कीटक आला. त्याच्या अळ्याही माव्यावरच जगतात. सिरफिड माशीच्या अळ्याही होत्याच. पुढे आसाममधून इन्कार्सिया ही अतिसूक्ष्म परोपजीवी माशी आणून सोडण्यात आली. ती माव्याच्या अंगातच अंडी घालते आणि तिचे पिल्लू माव्याला आतून खाऊन बाहेर पडते. ईशान्येत हा मावा आणि ही माशी आधीपासून एकत्र नांदत होते. मावा इथे आला, त्याचा हा वैरी मागेच राहिला होता.

शास्त्रज्ञांनी आणि साखर कारखान्यांनी तेव्हा जे केले ते आज आवर्जून सांगण्यासारखे आहे. शेडनेटमध्ये ऊस लावला, त्यावर मुद्दाम मावा वाढवला आणि त्या माव्यावर डिफाच्या अळ्या वाढवल्या. शत्रू पाळून मित्र जोपासण्याचा हा उद्योग. ज्या फडात डिफा भरपूर असे तिथली पाने अळ्यांसकट कापून दुसऱ्या फडातल्या मावा पडलेल्या पानांना बांधली जात. हेक्टरी डिफाच्या १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडाव्यात अशी शिफारस तेव्हापासून रूढ झाली. तिच्या जोडीला एक साधी सूचना होती: ज्या फडात हे मित्रकीटक दिसतील, तिथे कीटकनाशक फवारू नका. पुढच्या काही वर्षांत लोकरी माव्याचा जोर ओसरला. तो नाहीसा झाला नाही. आजही पावसाळी, ढगाळ हवेत कुठे ना कुठे दिसतो. पण आता त्याला खाणारेही तिथेच असतात, म्हणून बहुतेक वेळा त्याचे संकट होत नाही.

उसात फवारणी अवघड होती हे एका अर्थाने आपले नशीबच म्हणायचे. कपाशीसारखे कमरेएवढे पीक असते, तर आपण बहुधा फवारतच राहिलो असतो आणि डिफाला पाय रोवायला वेळच मिळाला नसता.

दोघांनाही सारखे मारले तर

इथे एक शंका येईल. फवारणीने मावाही मरतो आणि त्याला खाणारी अळीही मरते. म्हणजे हिशेब बरोबरीतच सुटला ना? नाही. याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी मासळीबाजारात सापडले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी खूप कमी झाली होती. उंबर्तो द'अँकोना या इटालियन जीवशास्त्रज्ञाने तिथल्या बंदरांतल्या मासळीबाजारांच्या नोंदी तपासल्या. त्याला दिसले, की युद्धाच्या वर्षांत शार्कसारख्या दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांचे प्रमाण वाढले होते. मासेमारी थांबल्याचा फायदा सर्वांना सारखा व्हायला हवा होता. तो खाणाऱ्यांनाच जास्त का झाला? त्याने हे कोडे आपले सासरे, गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवले. व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये त्याचे गणित मांडले. त्यातला एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारत राहिले, तर सरासरीने खाल्ल्या जाणाऱ्याची संख्या वाढते आणि खाणाऱ्याची घटते.

कारण समजायला गणित लागत नाही. फवारणीने मेलेला मावा थोड्याच दिवसांत भरून निघतो. त्याचे अन्न, म्हणजे ऊस, समोर उभाच असतो आणि त्याला खाणारे कमी झालेले असतात. डिफाचे उलटे आहे. तिच्यातल्या काही अळ्या विषाने मेल्या, उरलेल्यांचे अन्न विषाने संपले. माव्याला एक मार बसतो, डिफाला दोन. शिवाय खाणाऱ्याची पैदास नेहमी अन्नाच्या मागून वाढते, पुढे नाही. म्हणून फवारणीनंतर शेत आधी किडीचे होते आणि मित्रकीटकांचे बऱ्याच उशिरा. तोवर दुसऱ्या फवारणीची वेळ आलेली असते. 'औषध मारल्याशिवाय भागतच नाही' हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही. पण ती गरज अनेकदा पहिल्या फवारणीनेच निर्माण केलेली असते.

जगाने हे वारंवार पाहिले आहे. कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा १८८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने जेरीस आणल्या. १८८८-८९ मध्ये तिला खाणारा व्हेडालिया नावाचा ठिपक्यांचा भुंगेरा ऑस्ट्रेलियातूनच आणून सोडला आणि कीड आटोक्यात आली. पुढे १९४० च्या दशकात त्याच बागांत डीडीटी फवारले गेले. व्हेडालिया मेला आणि पन्नासेक वर्षे दबून राहिलेली कीड परत उसळली. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांचे तेच झाले. जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी फवाऱ्याने मरत होते. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली आणि नंतर शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या. त्या शाळांत पहिला धडा होता बांधावर बसून पिकातले किडे ओळखण्याचा.

मित्र ओळखायचा कसा

ओळखण्याची ही अडचण आपल्याकडेही मोठी आहे. डिफा ही शेवटी एक अळी आहे, आणि अळी दिसली की ती चिरडायची हे आपल्या हाताला शिकवलेले आहे. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत याहून फसवा प्रकार घडतो. तिथे मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, घडांत शिरतो. त्याला खाणारा क्रिप्टोलिमस हा भुंगेरा आहे. पण त्याची अळी स्वतःच पांढरी, मेणकट तंतूंनी झाकलेली असते. लांबून पाहणाऱ्याला ती मोठा मिलीबगच वाटते. तिच्यासाठी फवारणी करणारा बागायतदार आपल्याच राखणदाराला मारत असतो.

त्याच बागेत तिसरा एक खेळाडू असतो, मुंगळा. मिलीबगचा गोड चिकटा मुंग्यांना आवडतो. त्या बदल्यात मुंग्या मिलीबगचे रक्षण करतात आणि परोपजीवी माश्यांना व भुंगेऱ्यांना हुसकावून लावतात. म्हणजे द्राक्षाच्या एका ओलांड्यावर खाणे, फसवणे आणि देवाणघेवाण हे तिन्ही व्यवहार एकाच वेळी चालू असतात. मुंग्यांना खोडावर चढू दिले नाही तर मित्रकीटकांचे काम सोपे होते. हे फवारणीच्या वेळापत्रकात सापडणार नाही. ते बाग पाहूनच कळते.

हुमणीचे उदाहरण आणखी बोलके आहे. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून भुंगेरे बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसून पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि माद्या पुन्हा जमिनीत जाऊन अंडी घालतात. अळ्या पावसाळाभर उसाची मुळे कुरतडतात. ऊस पिवळा पडेपर्यंत पत्ता लागत नाही. तेव्हा सरीत औषध ओतून फारसे साधत नाही. पण याच किडीचे वैरीही अनेक आहेत. नांगरामागे चालणारे बगळे, कावळे, साळुंख्या अळ्या वेचतात. मेटारायझियम ही हिरवट बुरशी जमिनीत अळीला रोग लावते. आणि सगळ्यांत चांगला उपाय आहे तो वळवानंतरच्या त्या मोजक्या संध्याकाळी गावाने मिळून झाडांवरचे भुंगेरे गोळा करण्याचा आणि प्रकाश सापळे लावण्याचा. एकट्याने केले तर उपयोग नाही. हुमणीचा भुंगेरा गट नंबर पाहून अंडी घालत नाही.

विष अंगावरही येते

आतापर्यंत किडीचा हिशेब झाला. माणसाचा हिशेब त्याहून गंभीर आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता, हे तेव्हाच्या चर्चेत पुढे आले होते. आपल्याकडचा ऊस तर डोक्यावरून जातो. त्यात शिरून पाठीवरच्या पंपाने फवारणारा माणूस स्वतःच्याच फवाऱ्यात भिजतो. आणि फवारणारा निदान जाणून असतो. दुसऱ्या दिवशी त्याच सरीत भांगलणीला येणाऱ्या बायकांना कालची फवारणी कुणी सांगतच नाही.

अनेक कीटकनाशके मज्जासंस्थेवर काम करतात. कीटकाच्या आणि माणसाच्या मज्जातंतूंत पुष्कळ साम्य आहे, म्हणून जे किड्याला मारते ते मात्रा वाढली की माणसालाही गाठते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषाने खूप घाम येतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, धूसर दिसते, पोटात मुरडा येतो, स्नायू उडू लागतात आणि श्वास लागतो. यांतले काहीही दिसले तर घरी लिंबूपाणी देत बसू नये. भिजलेले कपडे ताबडतोब काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे, उलटी करायला लावू नये, आणि डबा किंवा त्यावरचे लेबल बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरांचे काम लवकर सुरू होते.

ही काळजी घ्यायलाच हवी. पण हातमोजे, मास्क आणि प्रथमोपचार हे शेवटचे संरक्षण आहे. पहिले संरक्षण म्हणजे नको असलेली फवारणी न करणे. डिफाने वाचवलेली प्रत्येक फवारणी ही एका माणसाच्या फुप्फुसातून आणि कातडीतून न गेलेली फवारणी असते. त्यामुळे मित्रकीटकांचा विषय शेतीच्या पुरवणीत ठेवून भागत नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे.

'मग आम्ही वाट पाहायची का?'

या मांडणीवर शेतकऱ्याचा आक्षेप ठाऊक आहे आणि तो योग्य आहे. सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे, वर्षभराचे एकच पीक आहे. मित्रकीटक मागून येतात असे तुम्हीच सांगता. तोवर ऊस काळा पडला तर भरपाई कोण देणार? पुस्तकातला समतोल दोन-तीन हंगामांनी येत असेल, हप्ता मार्चमध्येच भरायचा असतो.

याला प्रामाणिक उत्तर असे, की वाट पाहण्याची जोखीम एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. लोकरी माव्याच्या वेळी ती टाकली गेली नव्हती, म्हणून तो प्रयत्न फळला. संशोधन संस्था, कृषी विद्यापीठ, कारखाने आणि शेतकरी एकत्र आले, मित्रकीटक वाढवून पुरवले, कुठे फवारायचे आणि कुठे नाही हे सांगितले. रसायनाला कायमची बंदी घाला, असेही माझे म्हणणे नाही. काही वेळा फवारणी लागते. पण ती नेमक्या ठिकाणी, नेमक्या वेळी आणि मोजून झाल्यावर हवी.

दुसरी सावधगिरीही सांगितली पाहिजे. 'नैसर्गिक' म्हटले की सगळे निर्धोक, असे नसते. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात उसातल्या भुंगेऱ्यांचा, म्हणजे आपल्या हुमणीच्याच भावकीचा, बंदोबस्त करायला हवाईहून एक विषारी भेक आणला गेला. भुंगेरे उसाच्या शेंड्याकडे, भेक जमिनीवर. भुंगेरे आटोक्यात आले नाहीत. भेक मात्र देशभर पसरत गेला आणि त्याला खाऊन तिथले कितीतरी प्राणी मेले. डिफा किंवा इन्कार्सिया यशस्वी झाल्या, कारण त्या जवळपास त्या एका माव्यावरच जगतात. कोण कोणाला खातो हे नेमके माहीत असणे, हाच या शास्त्राचा कणा आहे. दुकानात 'जैविक' असे छापलेली प्रत्येक बाटली त्या कसोटीला उतरतेच असे नाही.

मग करायचे काय? माझ्या दृष्टीने चार गोष्टी आताच करता येतील, आणि त्यांतली एकही आवाक्याबाहेरची नाही.

पहिली गोष्ट कारखान्यांनी करायची. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सहकारी आणि खासगी कारखान्यांचे जाळे आहे. शेतकी विभागाची माणसे, चिटबॉय गावोगाव फिरतात, प्रत्येक फडाची नोंद ठेवतात. लागणीची तारीख आणि उसाची जात लिहून घेणाऱ्या त्या माणसाला डिफा, मायक्रोमस आणि ट्रायकोग्रामाने पोखरलेली खोडकिडीची अंडी ओळखायला शिकवले, तर अख्ख्या ऊसपट्ट्याची तपासणी जवळजवळ फुकटात होईल. मित्रकीटकांची प्रयोगशाळा ही संकटाच्या वर्षापुरती उघडायची गोष्ट नाही. संकट नसलेल्या वर्षीही ती चालू ठेवावी लागते, जशी आपण लसीची शीतसाखळी साथ नसतानाही चालू ठेवतो.

दुसरी गोष्ट कृषी खात्याची. कीड सर्वेक्षणाच्या तक्त्यात शत्रुकिडीइतकाच ठळक रकाना मित्रकीटकांचाही हवा. दहा पानांवर मावा किती, हे विचारले जाते. त्याच दहा पानांवर डिफा किती, हेही विचारले गेले पाहिजे. सल्ला त्या दोन आकड्यांवरून ठरावा. फलटण तालुक्यातले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून या पट्ट्यात आहे; असा सोपा तक्ता मराठीत, चित्रांसह प्रत्येक ग्रामपंचायतीत लागावा यासाठी त्यांच्याइतके जवळचे दुसरे कोणी नाही.

तिसरी गोष्ट ड्रोनबद्दल. ड्रोनने फवारणी झाली तर माणूस विषापासून दूर राहतो, हा मोठा फायदा आहे आणि त्याचे स्वागतच आहे. पण पूर्वी उंच उसात फवारणी अवघड होती म्हणून मित्रकीटकांना जो आसरा मिळत होता, तो आता जाणार आहे. यंत्र वरून फड पाहते. पानाच्या मागे कोण आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून ड्रोन उडवण्याआधी कोणीतरी फडात शिरून पाने पाहिली पाहिजेत, असा नियम अनुदानाबरोबरच यायला हवा.

चौथी गोष्ट शेतकऱ्याच्या हातातली. ऊस तुटल्यावर पाचट पेटवू नका. त्या एका काडीत कोळी, भुंगेरे, मित्रकीटकांचे कोष, सगळे जळते आणि खोडव्याची सुरुवात रिकाम्या, पाहारा नसलेल्या शेतात होते. पाचट सरीत आच्छादले तर ओल टिकते, माती सुधारते आणि राखणदारही राहतात. बांधावर चवळी, झेंडू, मका अशी चार रोपे असली तर परोपजीवी माश्यांना मध आणि आसरा मिळतो. आणि नांगरामागे येणाऱ्या बगळ्यांना खडे मारणाऱ्या पोरांना, ते बगळे काय वेचत आहेत हे एकदा दाखवा.

कासच्या फुलांसाठी आपण रांग लावतो, चांदोलीच्या वाघासाठी बातम्या वाचतो. ते जंगल जसे एकमेकांवर अवलंबून असलेल्या जिवांनी बनलेले आहे, तसाच आपल्या घरामागचा फडही आहे. फरक एवढाच, की इथल्या निर्णयाचा अधिकार आपल्याकडे आहे आणि त्याचा परिणामही आपल्याच ताटात, आपल्याच अंगावर येतो.

पुढच्या वेळी उसावर पांढरा मावा दिसला, तर कृषी सेवा केंद्राकडे गाडी वळवण्याआधी सरीत शिरा आणि दहा पाने उलटून पाहा. कापसात जाळे विणून बसलेल्या अळ्या दिसल्या तर पंप तसाच राहू द्या आणि आठवड्याने पुन्हा तीच पाने पाहा. मावा कमी झालेला असेल, तर ते काम तुमच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी केलेले असेल.